घर रिकामं झालं की कुत्रं रडतं, आणि सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून रडतं : काय तपासायचं, काय करायचं

तक्रार अशी आहे. घरातला शेवटचा माणूस बाहेर पडतो, कुलूप लागतं, आणि थोड्याच वेळात कुत्रं रडायला लागतं. भुंकणं वेगळं. हे मान वर करून, लांब हेल काढून रडणं असतं, मजल्यावरच्या चारही घरांना ऐकू जाणारं. आपण परत येतो तेव्हा दाराचा खालचा कोपरा ओरबाडलेला, सनमायकाचा तुकडा निघालेला, पायपुसणं लाळेने ओलं, कधी हॉलच्या मधोमध सू. सकाळी वाडग्यात ठेवलेलं खाणं तसंच पडलेलं. आणि आपण दिसलो की तेच खाणं दोन मिनिटांत फस्त.

आमच्या भुरीचं हे सहा महिन्यांत तीनदा झालं. दोनदा आम्ही चुकीच्या गोष्टी करत बसलो. २०२२ च्या गुढीपाडव्यापासून, म्हणजे २ एप्रिलपासून, राज्यातले करोनाचे निर्बंध उठले. त्यानंतर अनेकांची ऑफिसं पाचही दिवस सुरू होणार होती आणि अनेक घरांत हेच रडणं ऐकू येणार होतं. म्हणून आमच्याकडे काय चुकलं आणि कशाने जमलं ते तेव्हाच सविस्तर लिहून ठेवलं.

भुरी गावठी. जुलै २०२० च्या पावसात डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली सापडली, तेव्हा दोनेक महिन्यांची असेल. माझं ऑफिस फोर्टला, पण त्या काळात ते जेवणाच्या टेबलावर मांडलेलं होतं. मुलाची शाळा मोबाईलवर. नवरा तेवढा अंबरनाथच्या कारखान्यात जायचा. म्हणजे तिने डोळे उघडून जे जग पाहिलं ते माणसांनी भरलेलं घर. पहिलं सव्वा वर्ष ती सलग दहा मिनिटंही एकटी राहिली नव्हती, आणि आमच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

४ ऑक्टोबर २०२१ ला शहरातल्या आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या. त्याच आठवड्यात माझ्या दुसऱ्या डोसला १४ दिवस पूर्ण झाले, लोकलचा पास मिळाला, मी ऑफिसला जायला लागले. भुरीच्या बाजूने बघितलं तर एका सोमवारी सगळं घर नाहीसं झालं. तेव्हा पहिल्यांदा रडली. कशीबशी सावरली, तोवर दिवाळीची सुट्टी आली, पंधरा दिवस सगळे घरी, आणि सुट्टी संपल्यावर पुन्हा तेच. मग जानेवारी २०२२ मध्ये करोनाची तिसरी लाट, पुन्हा सगळे घरी. महिनाअखेरीस शाळा भरली, फेब्रुवारीत ऑफिस सुरू झालं, आणि या वेळी ती आधीपेक्षा जास्त घाबरली.

आधी हे नक्की तेच आहे का ते बघा

कुत्रं घरात सू करतं म्हणजे ते एकटेपणाला घाबरतं असं धरून चालू नका. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला असेल तरी हेच होतं, आणि तेव्हा आपण घरी असतानाही होतं. कुत्रं सुस्त असेल, खात नसेल, अंगावर गोचिड्या दिसल्या असतील तर गोचिडतापाची रक्ततपासणी आधी. वर्षाच्या आतलं पिल्लू चपला कुरतडत असेल तर ते दात आणि वय. खिडकीतून मांजर दिसलं म्हणून भुंकणं वेगळं आणि हे वेगळं. म्हणून पहिली फेरी जनावरांच्या डॉक्टरांकडे. त्याच फेरीत लसीची वही घेऊन जा. करोनाच्या दोन वर्षांत रेबीजचा वार्षिक डोस अनेकांचा राहून गेला, आमचाही चार महिने लांबला होता. लेप्टोस्पायरोसिसची लसही पावसाळ्याच्या आधी बघून घ्या, आपल्याकडे तुंबलेल्या पाण्यातून तो पसरतो.

तब्येत ठीक निघाली की दुसरी तपासणी घरी करायची: व्हिडिओ. हे टाळू नका. ऑक्टोबरात आम्ही टाळलं आणि अंदाजावर चाललो. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ती तुमच्यावर राग काढते गं." नवरा म्हणाला, लाडावलीय. मला वाटत होतं, कंटाळते. तिघंही चुकत होतो.

जुना मोबाईल फ्रिजवर, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि रेकॉर्डिंग लावून आम्ही तिघं खाली पार्किंगमध्ये जाऊन थांबलो. त्या व्हिडिओत भुरी आधी दाराशी उभी राहते. लिफ्टची जाळी लागल्याचा आवाज येतो तेव्हा तिचे कान मागे जातात. मग ती हॉल ते बेडरूम, बेडरूम ते हॉल अशा फेऱ्या घालायला लागते, जीभ बाहेर, धापा टाकत, जसं काही भर उन्हातून आलीय. घरात पंखा चालू होता. ४ मिनिटं १० सेकंदांनी ती दारापाशी बसते, मान वर करते आणि पहिला हेल काढते. हनुवटीवरून लाळेची तार खाली लोंबत असते. मी तो व्हिडिओ पुन्हा बघू शकलेले नाही. त्यात राग कुठेच नाही, नुसती भीती आहे. ज्या कुत्र्याला राग आलाय किंवा कंटाळा आलाय ते समोर ठेवलेलं चिकन सोडत नाही. घाबरलेलं कुत्रं चिकनकडे बघतही नाही.

म्हणून ओरडू नका, तोंड ओल्या जागेत घासू नका. आपण घरात शिरल्यावर ते जे अंग चोरतं त्याला लोक "चूक कळली" म्हणतात. ते आपल्या चेहऱ्याला घाबरून तसं करतं. चार तासांपूर्वीच्या सूचा आणि आताच्या ओरडण्याचा संबंध त्याला लागत नाही. लागतो तो एवढाच की माणसं जातात तेही वाईट आणि येतात तेही वाईट.

व्हिडिओतून दोन गोष्टी मिळवायच्या: किती मिनिटांनी भीती सुरू होते, आणि नेमक्या कोणत्या आवाजाने. पुढचं सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

डब्याची कडी

सगळीकडे सांगतात की किल्ल्या वाजल्या की कुत्रं अस्वस्थ होतं. आमच्याकडे किल्ल्यांचं काही नव्हतं. भुरी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मी स्टीलच्या डब्याची कडी खट्कन लावली की टेबलाखालून उठून माझ्या पायाला चिकटायची. त्यानंतर मी साडी नेसताना दारात, ब्रश करताना बाथरूमबाहेर. म्हणजे मी ७:४० ला निघेपर्यंत ती अर्धा तास घाबरूनच असायची. मी बाहेर पडायच्या वेळी तिची सहनशक्ती आधीच संपलेली असायची.

तर उपाय काय केला? रिकाम्या डब्याची कडी दिवसभरात कधीही लावायची. संध्याकाळी टीव्ही बघताना लावली, काढली, पुन्हा लावली. रात्री भांडी आवरताना लावली. पर्स खांद्याला अडकवून पोळ्या लाटल्या. चपला घालून बाल्कनीत कपडे वाळत घातले. आणि कुठेच गेले नाही. पहिले दोन दिवस दर वेळी ती उठून यायची, चौथ्या दिवशी नुसती मान वर करायची, आठवडाभराने कडी वाजली तरी कूस बदलून झोपायची. ही पायरी लोकांना फालतू वाटते. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. तुमच्याकडे डबा नसेल, हेल्मेट असेल, डिओची फवारणी असेल, इस्त्रीचा शर्ट असेल, लॅपटॉपच्या बॅगेची चेन असेल. व्हिडिओ बघा आणि स्वतःला बघा, सापडेल.

डबा खऱ्या अर्थाने भरायचं काम मी तोवर रात्रीच उरकून ठेवायला लागले, हेही केलं.

मिनिटांची वाढ

नियम एकच: ते घाबरायच्या आत परत यायचं. रडायला लागल्यावर परत आलात तर भीती पक्की होते, आणि "रडू दे, दमून गप्प होईल" म्हणून सोडलंत तर त्याहून पक्की होते. गप्प होतं ते दमून, सवयीने नाही. दिवाळीनंतर आम्ही हेच केलं होतं. चौथ्या दिवशी तिच्या पुढच्या पायाचं नख दाराच्या फटीत अडकून मुळापासून तुटलं. त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

भुरीची मर्यादा चार मिनिटांची होती, म्हणून आम्ही सुरुवात तीस सेकंदांनी केली. बाहेर, कुलूप, लिफ्टची जाळी उघडून लावायची, परत. दर वेळी वेळ वाढवायची नाही, हे महत्त्वाचं. दीड मिनिट, मग चाळीस सेकंद, मग तीन मिनिटं, मग एक. सतत वाढत गेलं की कुत्र्याला तेही कळतं. एका संध्याकाळी चार-पाच फेऱ्या, त्याहून जास्त नाही. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. मोबाईलवर दुसऱ्या मोबाईलचा व्हिडिओ कॉल लावून खाली बाकावर बसायचं आणि बघत राहायचं. फेऱ्या घालायला लागली, तोंडाने च्यक-च्यक करत ओठ चाटायला लागली, की त्या दिवशीची वेळ जास्त झाली असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी निम्म्यावर यायचं. मागे येणं म्हणजे हार नाही, मोजमाप चुकलं एवढंच.

पहिली वीस मिनिटं मिळवायला आम्हाला तीन आठवडे लागले. वीसपासून दीड तासापर्यंत जायला दोनच. बहुतेक भीती पहिल्या अर्ध्या तासात असते, त्यामुळे चाळीस मिनिटं ओलांडली की मग दहा-पंधरा मिनिटांच्या उड्या मारता येतात. सुरुवातीला फार हळू वाटतं, तिथे धीर सोडू नका.

निघताना मिठ्या, पापे, "बाळा, येते हं" हे मी बंद केलं. अगदी कठीण गेलं. एकदा "येते" म्हणायचं आणि निघायचं. परत आल्यावर ती शांत झाली की मग हवे तेवढे लाड.

खाण्याचं म्हणाल तर रबराचं पोकळ खेळणं मिळतं, त्यात बिनमिठाचा दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा आणि चिकन दाबून भरायचं आणि फ्रीझरमध्ये ठेवायचं. चाटत बसायला वीसेक मिनिटं जातात. तेवढे पैसे घालायचे नसतील तर जुना टॉवेल, त्यात पोळीचे तुकडे टाकून गुंडाळी करा, तेही चालतं. मात्र हे सोबतीला आहे, हाच उपाय नव्हे. घाबरलेलं कुत्रं ते खातच नाही हे वर लिहिलंय. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट यांतलं काही नको. शेंगदाण्याचं लोणी वापरत असाल तर डबीवर झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) नाही ना ते वाचा, कुत्र्याला ते थोडंसंही घातक असतं. शिजवलेली हाडंही नकोत, एकटं असताना तर नकोतच.

आणि सकाळी बाहेर पडायच्या आधी तिला नीट फिरवून आणा. नुसतं सू करून परत नाही. अर्धा तास, तिला हवं तिथे थांबू देत, हुंगू देत. हुंगून कुत्रं जेवढं दमतं तेवढं पळून दमत नाही. उन्हाळ्यात सातच्या आत उरका, नंतर डांबर तापतं.

हे सगळं चालू असताना ऑफिसचं काय?

हा खरा अडचणीचा प्रश्न आहे आणि सगळे सल्ले इथेच फसतात. संध्याकाळी दोन मिनिटांचा सराव आणि सकाळी पाच तास एकटं, याने काही होत नाही. सकाळ संध्याकाळचं सगळं पुसून टाकते. सरावाच्या काळात तिला तिच्या मर्यादेपेक्षा जास्त एकटं ठेवायचंच नाही, हे जमवावं लागतं.

आम्ही तळमजल्यावरच्या निवृत्त काकांना विचारलं. नुसतं कुत्रं सांभाळा असं नाही, तर व्हिडिओ दाखवून सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मला पेपर वाचायला कुणीतरी लागतंच." सकाळी आठ ते मुलगा साडेबाराला शाळेतून येईपर्यंत भुरी त्यांच्याकडे. मी ऑफिसात विनंती करून मार्चअखेरपर्यंत आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागून घेतलं. तुमच्याकडे दुपारी कामाला येणाऱ्या मावशी असतील, कॉलेजला जाणारी शेजारची मुलगी असेल, दिवसभर कुत्री सांभाळणारी जागा असेल. महिना-दोन महिन्यांचाच प्रश्न असतो. विचारायला लाजू नका.

जे करू नये तेही सांगते. पिंजऱ्यात कोंडू नका. ज्याला आधी पिंजऱ्याची सवय नाही ते कुत्रं गज चावून दात मोडून घेतं. दाराला किंवा ग्रिलला साखळीने बांधून जाऊ नका. जोडीला दुसरं कुत्रं आणू नका, निदान या कारणासाठी नको. तिला माणसं हवी असतात, आणि मग दोघं मिळून रडतात. रेडिओ लावायचा तर आपण घरी असतानाही लावा, नाहीतर रेडिओ हीच जाण्याची खूण होऊन बसते. आणि आपल्या औषधाच्या डब्यातलं काहीही देऊ नका. घरोघरी पॅरासिटामॉलच्या पट्ट्या पडून असतात. कुत्र्याला ती गोळी घातक ठरू शकते आणि मांजराला तर एक गोळीही जीवघेणी.

कुत्रं स्वतःला इजा करून घेत असेल, किंवा सहा आठवडे मनापासून करूनही सेकंदांच्या पुढे जात नसेल, तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रॅमिन अशी औषधं ते तपासून, वजन बघून देतात. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात. औषधाने भीती खाली येते, सराव तरीही करावाच लागतो. "कुत्र्याला कसली मनाची औषधं" असं म्हणणारे भेटतील. भुरीचा तो व्हिडिओ ज्याने पाहिलाय तो तसं म्हणणार नाही.

सोसायटीचं पत्र

आम्हाला दिवाळीनंतर आलं होतं. त्रास खराच होता, वरच्या मजल्यावर लहान बाळ आहे. पत्राला उत्तर लिहीत बसण्यापेक्षा मी त्या घरी गेले, माफी मागितली, काय करतोय ते सांगितलं, आणि "रडायला लागली तर लगेच मेसेज करा, वेळ लिहून" अशी विनंती केली. त्यांच्या मेसेजमुळे आम्हाला नेमक्या वेळा कळल्या, मदतच झाली. पण कुणी "कुत्रं काढा" म्हणत असेल तर हेही माहीत असू दे: पाळीव प्राणी ठेवायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनसुद्धा नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट केलंय. आणि कंटाळून प्राणी रस्त्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मार्च २०२० मध्ये कुत्र्या-मांजरांमुळे करोना होतो या अफवेपायी किती जनावरं रस्त्यावर आली ते आपण पाहिलंय. ऑफिस सुरू झालं म्हणून तेच पुन्हा व्हायला नको.

पाहुण्यांवर भुंकणं हा वेगळा विषय, पण मूळ एकच. कुत्र्याचं पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचं असताना जे बघतं त्याला ते पुढे सहसा घाबरत नाही. २०२० च्या पिल्लांनी त्या वयात पाहुणे, गर्दी, लहान मुलं काहीच पाहिलं नाही. पाहिले ते मास्क लावलेले दोन-चार चेहरे. त्यामुळे आता घरी कुणी आलं की तिला जबरदस्तीने पुढे आणू नका. आतल्या खोलीत, दार अर्धवट उघडं, आणि पाहुण्यांना सांगा की तिच्याकडे बघूही नका. ती आपणहून येते. आमच्याकडे पहिल्या वेळी पन्नास मिनिटं लागली होती.

मांजरवाल्यांसाठी थोडंसं, कारण आमच्याकडे मांजर नाही, बहिणीकडे दोन आहेत. मांजर सहसा रडत नाही, ते मातीचा ट्रे सोडून गादीवर किंवा कपड्यांवर सू करतं. तेव्हाही आधी डॉक्टर. बोका वारंवार ट्रेमध्ये बसत असेल आणि सू होत नसेल तर त्याच दिवशी जा, मूत्रमार्ग अडला असेल तर जिवावर बेततं. आणि फरशी फिनाईलने पुसणं मांजरांच्या घरात बंद करा, पंजे चाटताना ते पोटात जातं. कुत्र्यांच्या घरातही सूची जागा अमोनियाचा वास असलेल्या द्रावणाने पुसू नका, तो वास सूसारखाच असतो आणि कुत्रं तिथेच परत करतं. पाण्यात व्हिनेगर घालून पुसलेलं बरं.

पुन्हा का होतं, आणि या वेळी आम्ही काय ठरवलंय

दोनदा सावरलेलं दोनदा का विस्कटलं, याचं उत्तर मला फेब्रुवारीत सापडलं. एकटं राहणं ही भुरीला एकदा शिकवून संपणारी गोष्ट नाही. पंधरा दिवस ती कधीच एकटी राहिली नाही, की गेलेली सवय परत मिळवावी लागते. आम्ही दिवाळीत दिवसभर घरी होतो, बाहेर गेलो तर तिला घेऊन गेलो, आम्हाला ते प्रेमच वाटत होतं. आणि होतंही.

म्हणून आता सुट्टी असो, पाऊस असो, उद्या पुन्हा कसले निर्बंध आले तरी, रोज एकदा घर रिकामं होतं. रात्री जेवणानंतर आम्ही तिघं खाली जातो, गेटजवळच्या बाकावर चाळीस मिनिटं बसतो. शिवाय घरात असतानाही रोज तासभर ती बेडरूममध्ये आणि आम्ही हॉलमध्ये, मध्ये दार लोटलेलं. मे महिन्याच्या सुट्टीचं वेळापत्रक मुलाने फ्रिजवर लावलंय. त्यात सोमवार ते शनिवार सकाळी साडेदहा ते बारा समोर "घर रिकामं" असं लिहिलंय आणि कुणी कुठे जायचं तेही. तो वाचनालयात जाणार आहे.

हे लिहिताना भुरीची मर्यादा ३ तास ४० मिनिटांची आहे. सोमवारपासून ती आठला एकटी राहील आणि पावणेबाराच्या जरा आधी काका येऊन तिला खाली नेतील. बाळाच्या घरच्यांना तसं कळवलंय, आणि फ्रिजवरचा मोबाईल चार्ज करून ठेवलाय.